स्लो कुकरमधला मटण स्ट्यू: कामाच्या दिवशीचं जेवण सकाळीच लावून कसं जायचं

अमेरिकेत नव्याने संसार मांडलेल्या मराठी घरात स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, बरेचदा न मागता येतो. कुणी घर हलवताना देऊन जातं, नाहीतर सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून आपणच उचलतो. पहिल्या खेपेला त्यात घरच्या पद्धतीने मटणाचा रस्सा लावला जातो, तो पाणचट होतो, तिखटाचा कच्चा वास येतो, आणि कुकर वरच्या कपाटात जातो तो तिथेच राहतो. त्याला खाली काढा. डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारला अंधार पडतो. सहा-साडेसहाला दोघं कामावरून आणि मुलं आफ्टरकेअरमधून घरी येतात, तेव्हा गॅसपाशी उभं राहायचं त्राण कुणातच उरलेलं नसतं. अशा वेळी जेवण तयार असणं ही फार मोठी सोय आहे, आणि ती जमवायला सकाळची वीसेक मिनिटं पुरतात.

इथे एकच पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते: अमेरिकन धर्तीचा मटण, बटाटे आणि गाजरांचा दाट स्ट्यू. हा नीट जमला की पुढचे प्रकार आपोआप सुचतात.

हा प्रेशर कुकर नाही

आपला सगळा घोळ इथे होतो. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते आणि आतलं तापमान उकळीच्या पुढे, साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. म्हणून चार-पाच शिट्ट्यांत मटण शिजतं. स्लो कुकरमध्ये तापमान उकळीच्या जरा खालीच घुटमळतं. लो आणि हाय या दोन बटणांमुळे शेवटच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात. हायवर ते तीन-चार तासांत पोचतं, लोवर सात-आठ तास घेतं. दिवसभर बाहेर राहणाऱ्यांसाठी लो हेच खरं बटण आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. या भांड्यात वाफ झाकणाला लागते, थेंब होते आणि पुन्हा आत पडते. आटत जवळजवळ काहीच नाही. त्यात मटण आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. गॅसवरच्या पातेल्यात जेवढं पाणी घालाल, त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. मटण पूर्ण बुडायला हवं हा हट्ट सोडा, अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत पाणी आलं की बास.

तिसरी गोष्ट परतण्याची. स्लो कुकर कांदा लाल करत नाही, तिखटाचा कच्चेपणा घालवत नाही, तेल सुटू देत नाही. ते आधी गॅसवर करावं लागतं, त्याला पर्याय नाही. "सगळं टाका आणि विसरा" असं सांगणाऱ्या पाककृती माझ्या मते अर्धवट आहेत. टाकायचं खरंच आहे, पण काही गोष्टी परतून टाकायच्या.

भांडं

चार जणांच्या घराला 6 क्वार्टचा, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचा, लंबगोल कुकर योग्य. तो निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरला की नीट शिजतं. फार रिकामा ठेवलात तर कडेने करपतं, गच्च भरलात तर मधला भाग तापायला वेळ लागतो, आणि मांसाच्या बाबतीत तो वेळ महत्त्वाचा असतो.

नवा घेणार असाल तर वेळ लावता येणारा घ्या, जो ठरलेले तास झाले की आपोआप वॉर्मवर, म्हणजे जेवण नुसतं गरम ठेवण्यावर, जातो. सव्वासातला घर सोडून साडेसहाला परत येणाऱ्याचे सव्वाअकरा तास होतात. आठ तास लो आणि उरलेला वेळ वॉर्म, हे गणित त्या दिवसाला बरोबर बसतं. नुसतं फिरवायचं बटण असलेला साधा कुकर शनिवार-रविवारी किंवा घरून काम असेल तेव्हा छान. एक सावधगिरी: अमेरिकेतला कुकर 120 व्होल्टचा असतो. भारतात परत जाताना तो बॅगेत भरू नका, तिथल्या 230 व्होल्टला तो जळेल.

कुणाकडून जुना मिळाला असेल तर आधी तपासा. अर्धं भांडं पाण्याने भरा, झाकण लावून आठ तास लोवर ठेवा आणि झाकण उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवा. 185 ते 200 फॅरनहाइटच्या दरम्यान आकडा आला तर कुकर ठणठणीत. 185 च्या खाली असेल तर त्यात मांस शिजवू नका.

या भांड्याची कुळकथा मला फार आवडते. शिकागोतल्या अर्विंग नॅक्सन या संशोधकाला 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांची आई लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतली. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची चोलंटची भांडी बेकरीच्या भट्टीत जात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मंद आचेवर शिजत, ही आठवण तिने सांगितलेली. चोलंट म्हणजे मांस, बटाटे, कडधान्य आणि बार्लीचा दाट रस्सा. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं क्रॉकपॉट या नावाने बाजारात आणलं. घराबाहेर नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती, त्यामुळे ते हातोहात खपलं. आपण हल्ली ज्याला सरसकट क्रॉकपॉट म्हणतो ते मुळात एका कंपनीच्या मालाचं व्यापारी नाव आहे.

मटण कोणतं घ्यायचं

खांदा. बकऱ्याचं असो की लँबचं, खांद्याचं मांस घ्या, नाहीतर नळ्या. या भागात स्नायूंना जोडणारा चिवट पांढरा पापुद्रा भरपूर असतो. तासन्‌तास मंद आचेवर राहिला की तो विरघळून जिलेटिन होतो, मांस मऊ पडतं आणि रस्सा ओठांना जरासा चिकटतो. महागाचं, बिनचरबीचं, लुसलुशीत मांस इथे वाया जातं. आठ तासांत त्याचा चोथा होतो.

बकऱ्याचं मटण हलाल दुकानात मिळतं. तिथे "करी कट" मागितलंत तर अगदी बारीक तुकडे हाती येतात, म्हणून दीड-दोन इंचांचे मोठे तुकडे करून द्या असं मुद्दाम सांगा. अमेरिकन दुकानात बोनलेस लँब शोल्डर मिळतो, तो घरी कापायला सोपा. कोंबडी हवी असेल तर हाडासकट मांड्या घ्या आणि वेळ पाच-सहा तासांवर आणा. छातीचे तुकडे दिवसभराच्या स्ट्यूमध्ये नकोतच.

साहित्य

6 क्वार्टच्या कुकरसाठी, चौघांचं एक जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे डबे होतील एवढं:

मटण सव्वा किलो (हाडांसकट असेल तर दीड किलो), बटाटे पाऊण किलो, गाजरं पाच-सहा, मोठे कांदे दोन, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, सेलरीच्या दोन दांड्या (नसली तरी चालते), टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे, मैदा दोन मोठे चमचे, कमी मिठाचा चिकन किंवा भाज्यांचा स्टॉक अडीच कप, वूस्टरशर सॉस एक मोठा चमचा, सुकं थाइम एक चहाचा चमचा, बे लीफ दोन, दहा-बारा मिरे भरड कुटून, तेल तीन मोठे चमचे, मीठ. शेवटी घालायला फ्रोझन मटार एक कप, अर्धं लिंबू आणि मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर.

बटाटे लाल सालीचे किंवा युकॉन गोल्ड घ्या. मोठे तपकिरी रसेट बटाटे भाजायला उत्तम, पण यात विरघळून जातात. बे लीफऐवजी घरातलं तमालपत्र घातलंत तर चालेल, मात्र ती दोन वेगळ्या झाडांची पानं आहेत. तमालपत्राला दालचिनीची झाक असते, म्हणून एकच घाला. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात, घरी कुणी मासे खात नसेल किंवा सोसत नसतील तर बाटली वाचून घ्या.

आदल्या रात्री

जेवणं आटोपली की अर्धा तास द्या. मटण फ्रोझन असेल तर एक दिवस आधीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवलेलं हवं. गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये घालायचं नाही. ते सावकाश वितळत बसतं, आणि 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या ज्या टप्प्यात जंतू भराभर वाढतात त्यातच तासन्‌तास अडकून राहतं.

गाजरं सोलून दोन इंचांचे जाड तुकडे करा. बटाट्याचे चार-चार मोठे भाग करून पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, काळे पडणार नाहीत. भाज्या मोठ्याच कापा. अकरा तासांनी त्या तुकड्यासारख्या दिसायला हव्या असतील तर आत्ता त्या डोळ्यांना जरा जास्तच मोठ्या वाटल्या पाहिजेत.

मग कढईत दोन चमचे तेलावर चिरलेला कांदा आणि सेलरी टाका. चिमूटभर मीठ घालून कांद्याच्या कडा तांबूस होईपर्यंत परता, लसूण घाला, मग टोमॅटो पेस्ट. पेस्ट चकचकीत लाल असते. ती परतत राहा, दोन-तीन मिनिटांत तिचा रंग विटकरी होतो आणि आंबट वासाच्या जागी गोडसर वास येतो. आता मैदा भुरभुरवून आणखी दोन मिनिटं परता. उद्याचा दाटपणा या मैद्यातून येणार आहे. हे वाटण गार करून डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

मटण मात्र रात्री परतून ठेवू नका. अर्धवट शिजवलेलं मांस फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पुढे शिजवणं सुरक्षित नाही, अमेरिकेचं कृषी खातं त्याला स्पष्ट नाही म्हणतं. मटणाला मीठ-मिरी चोळून वेगळ्या डब्यात कच्चंच ठेवा. कुकरचं चिनीमातीचं भांडंही भरून फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. गारठलेलं भांडं तापायला फार वेळ घेतं आणि एकदम उष्णता लागली तर तडकू शकतं.

सकाळी

पहिलं काम, कुकर लावून हायवर रिकामा न ठेवता त्यात तळाला बटाटे आणि गाजरं पसरा. हा क्रम उलटा वाटतो, पण या भांड्यात उष्णता तळातून आणि कडांतून येते आणि कंदमुळं मांसापेक्षा सावकाश शिजतात. वर ठेवलेले बटाटे संध्याकाळी टणक लागतात ते याचमुळे.

दुसरीकडे जाड बुडाचा तवा किंवा कढई चांगली तापू द्या. मटणाचे तुकडे पेपर टॉवेलने टिपून कोरडे करा, हे विसरू नका. ओलं मटण वाफेत शिजतं, लाल होत नाही. चमचाभर तेल घाला आणि निम्मेच तुकडे सुटे-सुटे मांडा. टाकल्याबरोबर जोरात चर्र आवाज आला पाहिजे, आणि तो येतच राहिला पाहिजे. आवाज मंदावून बुडबुडे दिसायला लागले तर तवा गच्च भरलाय, दोन तुकडे काढा. तीन मिनिटं चमचा लावू नका. सुरुवातीला तुकडा तव्याला घट्ट चिकटतो, खालून नीट भाजला गेला की आपणहून सुटतो. उलटवलात की गडद तपकिरी पापुद्रा दिसेल. दुसरी बाजू तशीच करा.

घाई असेल तर एवढे निम्मे तुकडे लाल केलेत तरी पुष्कळ. उरलेले कच्चेच कुकरमध्ये गेले तरी चवीत फार उणं पडत नाही. एखाद्या सकाळी तेवढाही वेळ नसेल तर हा टप्पा गाळा, कारण रात्रीचं वाटण निम्मी चव सांभाळतं.

तव्याच्या तळाला आता तपकिरी खरपुडी चिकटलेली असेल. ती धुऊन टाकणं म्हणजे स्ट्यूची चव सिंकमध्ये ओतणं. गॅस चालू ठेवून सगळा स्टॉक त्यात ओता, लाकडी उलथन्याने तळ खरवडा, स्टॉकचा रंग चहासारखा होईल. त्यात रात्रीचं वाटण, वूस्टरशर सॉस, थाइम, मिरे आणि बे लीफ घालून उकळी आणा. मटण भाज्यांवर पसरा आणि हा उकळता रस्सा वरून ओता. थंड स्टॉक घातलात तर कुकरचा पहिला तास-दीड तास नुसतं तापण्यात जातो, उकळता घातला की काम लगेच सुरू होतं.

मीठ आत्ता कमीच. स्टॉकमध्ये असतं, मटणाला लावलेलं आहे. झाकण लावा, लो, आठ तास. कुकर भिंतीच्या प्लगमध्येच लावा, एक्स्टेंशन कॉर्डवर नको, आणि आजूबाजूला हातभर मोकळी जागा ठेवा.

कुकर उशिरा सुरू होईल असा टायमर लावून कच्चं मटण तासन्‌तास तसंच ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती अजिबात करू नका.

दिवसभर

झाकण उघडायचं नाही. घरून काम करणाऱ्यांना हे अवघड जातं, कारण दुपारी वास सुटतो आणि ढवळावंसं वाटतं. दर वेळी झाकण उचललं की कोंडलेली उष्णता जाते आणि ती भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तळाला लागेल ही भीती इथे नको, आच तेवढी नसतेच.

तुम्ही बाहेर असताना वीज गेली होती असं मायक्रोवेव्हच्या लुकलुकणाऱ्या घड्याळावरून कळलं, तर स्ट्यू कितीही शिजलेला दिसला तरी फेकून द्या. किती वेळ तो कोमट पडून होता हे सांगता येत नाही. सव्वा किलो मटण टाकताना जीव तुटतो, तरीही.

संध्याकाळी

झाकण उघडल्यावर वर चरबीचा पिवळसर थर तरंगताना दिसेल, लँब असेल तर जास्तच. मोठा चमचा आडवा धरून, काठ थरात टेकवून तो अलगद काढा. चरबी राहिली तर जेवण जड होतं आणि गार झाल्यावर टाळूला चिकटते. बे लीफ काढून टाका.

मटणाला काटा लावून फिरवा. धागे सुटले तर झालं. न सुटता रबरासारखं दबलं तर ते जास्त नाही, कमी शिजलंय. हायवर आणखी पाऊण तास द्या.

आता मटार थेट फ्रीझरमधून घाला, झाकण लावून हायवर पंधरा मिनिटं ठेवा, तोवर हातपाय धुऊन होतात. रस्सा पातळ वाटला तर दोन-तीन बटाट्याच्या फोडी कडेला चेचून मिसळा. तरीही पातळच असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून मटारांबरोबरच घाला. शेवटी मीठ, लिंबू आणि पार्सली. लिंबाचं विशेष सांगते. दिवसभर शिजलेल्या रश्शाची चव गोलसर आणि सपाट होते, अर्ध्या लिंबाने ती जागी होते. चव घेऊन "काहीतरी कमी आहे" वाटलं तर मिठाआधी लिंबू पिळून बघा.

दूध, साय, दही, नारळाचं दूध यांतलं काही घालणार असाल तर तेही याच वेळी. सकाळी घातलं तर फाटतं.

आपल्या जिभेला हा स्ट्यू सौम्य लागतो. त्यासाठी सकाळी मसाल्यांचा मारा करू नका. लवंग-दालचिनीसारखा खडा मसाला आठ तासांत फार उग्र होतो, आणि दळलेल्या मसाल्याचा सुवास मात्र उडून जातो. संध्याकाळी छोट्या कढल्यात चमचाभर तेल तापवा, गॅस बंद करा, चमचाभर कांदा-लसूण मसाला घाला आणि फसफसला की वरून ओता. मुलांच्या वाट्या आधी काढून ठेवल्या की एकाच भांड्यात दोन्ही चवी निघतात. सोबत जाड कापलेला पाव, भात किंवा ज्वारीची भाकरी.

मटण न खाणाऱ्यांसाठी

अख्खे मसूर घ्या. कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या लोकांना त्यांचं मोल सांगायला नको. दोन कप मसूर धुऊन, न भिजवता, त्याच भाज्या आणि तेच परतलेलं वाटण घालून पाच कप भाज्यांचा स्टॉक ओता, वूस्टरशर सॉस वगळा. सात-आठ तास लोवर ते छान मऊ होतात. आंबट मात्र सगळं शेवटी, टोमॅटो पेस्टही एक चमचाच, कारण आंबटात कडधान्य शिजायला कुरकुरतं.

राजमा मात्र कच्चा कधीच घालू नका, हे ठासून सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याला लेक्टिन म्हणतात. ते जोरदार उकळीनेच नष्ट होतं. स्लो कुकरच्या मंद आचेवर ते टिकतं, उलट आणखी त्रासदायक होऊ शकतं. चार-पाच कच्च्या दाण्यांनीसुद्धा काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा किंवा सरळ प्रेशर कुकरला लावून मऊ शिजवा, आणि मगच स्ट्यूमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो धुऊन शेवटच्या तासात घातला तरी चालतो.

उरलेलं

जेवणं झाल्यावर भांडं तसंच ओट्यावर रात्रभर राहू देऊ नका. कुकर बंद केल्यापासून दोन तासांच्या आत स्ट्यू उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवा. मोठ्या खोल पातेल्यात ठेवला तर मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. तीन-चार दिवस उत्तम राहतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. फ्रीजमध्ये रस्सा खरवसासारखा घट्ट थिजलेला दिसेल, ते मघाचं जिलेटिन आहे, गरम केलं की पुन्हा सैल होतं.

गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो फार हळू तापतो. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत, आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस होईल असा तापवा. दोन-तीन महिन्यांसाठी फ्रीझरमध्ये टाकणार असाल तर बटाटे वेचून आधी खाऊन टाका, गोठवल्यावर ते रवाळ होतात. डब्यावर तारीख लिहा, आणि काढायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवा.